रिपोर्टचं काय बी विचारा: पिवळे डोळे, निळं पाणी आणि परत टोचलेली सुई

दसरा झाला की आमच्याकडं कावीळ आणि एचबीच्या, म्हणजे हिमोग्लोबिनच्या, पत्रांचा ढीग पडतो. त्यातली चार घेतलीत. रोगावर औषध इथं मिळणार नाही, ते तुमचे डॉक्टर बघतील. आपण फक्त आकडा कुठनं येतो ते बघू.

प्रश्न : मिस्टरांनी नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास केले, नुसतं पाणी आणि एक वेळ फळं. डोळे पिवळसर दिसले म्हणून दसऱ्यादिवशी सकाळी टेस्ट केली तर बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) २.४, त्यात डायरेक्ट ०.३, एसजीपीटी (लिव्हरची टेस्ट) नॉर्मल. चार दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये १.३ आलं. कुठली लॅब खोटं बोलतीय? – एक भगिनी, मंगळवार पेठ

ताई, लगेच भांडायला जाऊ नका, दोन्ही लॅब खऱ्या असू शकतात. आधी रिपोर्टातल्या तीन ओळी बघा, टोटल, डायरेक्ट, इनडायरेक्ट. यातलं इनडायरेक्ट कोणी मोजतच नाही, टोटलमधनं डायरेक्ट वजा केलं की झालं. बऱ्याच लॅबमध्ये सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरलेल्या पाण्यात, डायझो नावाचं रसायन घालतात, बिलिरुबिन असेल तर रंग येतो आणि मशिन तो रंग किती गडद आहे ते मोजतं. लिव्हरनं प्रक्रिया केलेलं बिलिरुबिन पाण्यात विरघळतं म्हणून लगेच रंग देतं, ते डायरेक्ट. उरलेलं अल्ब्युमिन नावाच्या रक्तातल्या प्रथिनाला चिकटून बसलेलं असतं, त्याला सोडवायला कॅफीन आणि बेंझोएट घालावं लागतं, ही येंड्रासिक आणि ग्रोफ यांची १९३८ सालची पद्धत अजून चालू आहे.

आता मिस्टरांचं २.४ मधलं २.१ इनडायरेक्टच आहे. काही लोकांत लिव्हरचं एक एन्झाइम जन्मतःच जरा आळशी असतं, त्याला गिल्बर्ट म्हणतात, शंभरात तीन ते दहा जणांत सापडतं आणि त्यानं सहसा काही बिघडत नाही. अशा माणसानं उपास केला की बिलिरुबिन चढतं, परत नीट जेवायला लागला की उतरतं. दसऱ्यानंतर तुमच्या घरात तांबडा-पांढरा रस्सा शिजलाच असणार, आकडा उतरला त्यात नवल काय! पण हे गिल्बर्टच आहे असं मी म्हणत नाही हं. इनडायरेक्ट वाढायचं दुसरं कारण म्हणजे तांबड्या पेशी जास्त फुटणं, कारण बिलिरुबिन हिमोग्लोबिनपासनंच बनतं, १ ग्रॅम हिमोग्लोबिन मोडलं की साधारण ३५ मिलिग्रॅम. म्हणून डॉक्टर एचबी आणि रेटिक काउंट (नव्या तांबड्या पेशींची मोजणी) पण करायला सांगतील, ते करा.

आणि एक गोष्ट विचारून घ्या, दुसऱ्या वेळी रक्त घरी येऊन नेलं होतं का? बिलिरुबिनला उजेड सोसत नाही, थेट उन्हात तासाभरात निम्म्यापर्यंत उतरू शकतं. पोरगं गाडीच्या पुढच्या जाळीत उघडी ट्यूब टाकून चार घरं फिरून लॅबला पोचलं तर १.३ मधलं खरं किती आणि उन्हानं खाल्लेलं किती, कोण सांगणार? ट्यूब फॉइलमध्ये गुंडाळून किंवा बंद डब्यात न्यायला सांगा, लाजायचं काय त्यात.

प्रश्न : तालमीच्या रक्तदान शिबिरात माझ्या रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात तरंगला म्हणून मला परत पाठवलं, पोरं अजून चिडवतात. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये एचबी १३.१! – एक पैलवान, शाहूपुरी

भावा, ते निळं पाणी म्हणजे कॉपर सल्फेट, मोरचुदाचं पाणी. त्याची घनता १.०५३ ठेवतात, म्हणजे एचबी १२.५ किंवा जास्त असलेला थेंब १५ सेकंदांच्या आत बुडतो, कमी असेल तर तरंगतो नाहीतर मध्येच लोंबकळतो. रक्तदानाला १२.५ लागतंच. ही टेस्ट आकडा देत नाही, नुसतं हो किंवा नाही. बोटातनं रक्त येईना म्हणून दाबून दाबून काढलं तर पेशींभोवतीचं पाणी मिसळून थेंब हलका होतो, थेंबात हवेचा बुडबुडा असला तरी तरंगतो. लॅबच्या मशिनमध्ये शिरेतलं रक्त जातं, पेशी फोडून हिमोग्लोबिनचा रंग मोजला जातो, त्यामुळं तुझ्या बाबतीत मी १३.१ वरच विश्वास ठेवीन. पण १३.१ म्हणजे पुरुषाला काठावरच, डब्ल्यूएचओची रेषा १३ ची आहे, तेव्हा खुराकाचं बघ. आणि शिबिरवाल्यांवर राग धरू नको, शंका आली तेव्हा त्यांनी तुझ्या तब्येतीलाच जपलं.

प्रश्न : गावाकडं सासूबाईंनी कावीळ उतरवून आणली, चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळंधमक झालं. तरी रिपोर्टात बिलिरुबिन तेवढंच कसं? – कागल

कारण ते पिवळं हातातनं निघालंच नव्हतं. हाताला आधी झाडाच्या सालीचा रस लावलेला असतो, चुना लागला की तो पिवळा होतो, तुम्ही ठणठणीत असताना लावून बघा, तरी होईल. काविळीच्या बऱ्याच केसेस काही आठवड्यांत आपोआप बऱ्या होतात आणि श्रेय उतरवणाऱ्याला जातं. पण पित्तनळीत खडा अडकलेला असला तर असं आठवडे घालवणं लई महागात पडतं. डायरेक्ट जास्त असेल, लघवी गडद आणि शौचाला पांढरट होत असेल तर आजच सीपीआरला (कोल्हापूरचा सरकारी दवाखाना) नाहीतर जवळच्या डॉक्टरकडं जा.

प्रश्न : आईचं रक्त दोन ट्यूबमध्ये घेतलं, जांभळ्या आणि लाल टोपणाच्या. संध्याकाळी फोन, सॅम्पल हिमोलाइज झालंय, परत या. पण फक्त लाल ट्यूबच परत घेतली. असं का?

हिमोलाइज म्हणजे ट्यूबमध्येच पेशी फुटल्या. बारीक सुई, जोरात ओढलेली सिरिंज, ट्यूब खदाखदा हलवणं, यातलं काहीतरी. लाल ट्यूबमधलं सीरम पिवळसर निघायला पाहिजे, ते गुलाबी निघालं की त्या तांबड्या रंगानं डायझोची टेस्ट बिघडते आणि बिलिरुबिन बहुतेक वेळा खोटं कमी दिसतं, पोटॅशियम खोटं जास्त. दुसऱ्यांदा टोचलं याचा राग येणार, पण तसाच रिपोर्ट छापून दिला असता तर जास्त वाईट. परतचे पैसे मात्र देऊ नका. जांभळ्या ट्यूबमधलं एचबी चालतं, तिथं मशिन पेशी मुद्दाम फोडूनच मोजतं.