अजगर शेळी गिळून उसात पडलाय, त्याला हुसकावलं तर काय करेल?

हुसकावू नका. काठी नको, दगड नको, डबे वाजवणं नको आणि शेपटी धरून ओढणं तर मुळीच नको.

तुम्ही लिहिलंय की खानापूरकडच्या तुमच्या उसात तोड चालू आहे, टोळीला फडात अजगर दिसला, पोट टम्म फुगलंय आणि आदल्या संध्याकाळपासून एक शेळी बेपत्ता आहे. तो अंगावर येईल का, शेळी ओकेल का आणि किती दिवस तिथंच पडून राहील, असं तुम्ही विचारलंय. ओकण्याच्या मुद्द्यावर जरा जास्तच लिहिणार आहे, कारण त्यावरून आमच्या भागात सर्पमित्र म्हणवणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे.

आधी शेळीचं. ती गेली, तिची आशा सोडा. अजगर दबा धरून बसतो. ओठांवरच्या खाचांनी त्याला अंधारातही गरम अंगाचं जनावर कळतं. झेप घेऊन तो आधी दातांनी पकडतो. ते दात मागे वळलेले असतात, त्यामुळे जनावर जितकं हिसका मारतं तितके ते आणखी रुततात. पुढच्या क्षणी वेटोळे पडतात. श्वास कोंडून जनावर मरतं असं सगळे सांगतात, पण बोआ या भक्ष्य आवळून मारणाऱ्या अमेरिकेतल्या सापावर झालेल्या प्रयोगांत दिसलं की आवळल्यावर काही सेकंदांतच भक्ष्याचं रक्ताभिसरण कोलमडतं. मेंदूला रक्त पोचत नाही आणि जनावर लगेच बेशुद्ध होतं. भक्ष्याच्या हृदयाचे ठोके बोआला वेटोळ्यांतून जाणवतात आणि ते थांबेपर्यंत तो पकड सोडत नाही. म्हणजे गिळायला सुरुवात होते तेव्हा शेळी मेलेलीच असते. पोटातून जिवंत शेळी काढल्याच्या गोष्टी पारावर ठीक आहेत.

गिळताना तो आधी डोकं हुडकतो, कारण तोंडाकडून आत घेतलं की पाय आणि केस मागे दुमडतात. जबडा निखळतो असं जे म्हणतात ते चूक आहे. खालच्या जबड्याच्या दोन फाळ्या हनुवटीपाशी ताणणाऱ्या बंधाने जोडलेल्या असतात, म्हणून त्या एकमेकींपासून लांब जाऊ शकतात. जवळून पाहिलं तर एकदा उजवी बाजू पुढे सरकते, मग डावी, पुन्हा उजवी. टाळ्यावरचे दात शेळीला ओढत नाहीत. अजगरच स्वतःला तिच्यावर चढवत नेतो. तोंड पूर्ण भरलेलं असताना तोंडाच्या तळाशी असलेलं श्वासनळीचं टोक नळीसारखं बाहेर येतं आणि तो त्यातून श्वास घेत राहतो. शेळीचे खांदे आत जाताना सगळ्यात जास्त वेळ लागतो. ते गेले की मानेला नागमोडी बाक देऊन तो उरलेलं झपाट्याने मागे ढकलतो.

आता ओकण्याबद्दल. पोट भरलेल्या अजगराला पळता येत नाही, हीच सगळ्या प्रकरणाची गोम आहे. माणसं जवळ आली की तो आधी काहीच करत नाही. डोकं वेटोळ्याखाली घालून गप्प पडतो. लोकांना वाटतं सुस्तावलाय, आणि ते आणखी जवळ जातात. मग फूत्कार सुरू होतो, लांबवर ऐकू जाईल असा. त्यानंतर मान नागमोडी मागे घेतो, म्हणजे आता झेप येणार. शेपटीकडून घाण वासाचा स्राव सोडतो. एवढं करूनही कुणी हटलं नाही, तर जड पोट घेऊन वाचणार नाही हे ओळखल्यासारखा तो ओकतो.

जांबोटीच्या बाजूला एका शिवारात हे डोळ्यांदेखत झालं. ऐन थंडीचे दिवस. अजगर साधारण दहा फुटी, फडाच्या कडेला, पोटात करडू. गावभर बातमी गेली आणि लोकांनी चारी बाजूंनी कडं केलं. ओढ्याच्या बाजूला जेमतेम वीस पावलांवर त्याचं बीळ असावं, कारण चिखलात त्याच्या येण्याजाण्याची घासट स्पष्ट होती, आणि नेमकी तीच बाजू माणसांनी अडवलेली. सर्पमित्र आला, त्याने शेपटी धरून उचलली. अजगराने दोनदा झेप टाकली, ती चुकवल्यावर टाळ्या पडल्या. मग त्याच्या अंगातून पोटाकडून डोक्याकडे एक लाट सरकताना दिसली, जबडा फाकला आणि करडाचे मागचे पाय आधी बाहेर आले. डोक्याकडून गिळलेलं असतं, म्हणून बाहेर येताना उलटं येतं. केस चिकट लाळेने अंगाला चप्प बसलेले, डोक्याकडची कातडी मऊ पडून सुटायला लागलेली. वास असा की टाळ्या वाजवणारेच मागे सरले. करडू पुरावं लागलं. अजगर पोत्यात गेला आणि भीमगडच्या जंगलाकडे सोडायला नेला. व्हिडिओत सगळ्यांनी त्याला वाचवला म्हटलं.

त्या सर्पमित्राचं म्हणणं असं की ओकला की हलका होतो, मग हाताळता येतो आणि जंगलात सोडता येतो. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. मोठं भक्ष्य पोटात गेल्यावर अजगराचं अख्खं शरीर कामाला लागतं. बर्मी अजगर हा आपल्या अजगराचा अगदी जवळचा भाऊ. त्याच्यावरच्या अभ्यासात दिसलंय की खाल्ल्यावर दोन दिवसांत हृदयाचं वजन सुमारे 40 टक्क्यांनी वाढतं आणि आतड्याचं वजन दुपटीच्या आसपास जातं. हे सगळं आधीच्या साठवलेल्या चरबीवर उभं राहतं, नवं जेवण अजून अंगी लागलेलं नसतं. अशा वेळी ओकायला लावलं की खर्च झालेला असतो, जमा काहीच नाही. वर पोटातलं आम्ल घशातून उलटं येतं ते वेगळंच. त्यानंतर त्याला लगेच शिकार साधत नाही, साधली तरी पुन्हा ओकण्याची भीती असते.

आणि लांब नेऊन सोडणं हा दुसरा घोळ. अमेरिकेत फ्लोरिडात बर्मी अजगर 21 ते 36 किलोमीटर लांब नेऊन सोडले आणि अंगात बसवलेल्या ट्रान्समीटरवरून त्यांचा माग ठेवला. 2014 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सहापैकी पाच जण मूळ जागेच्या पाच किलोमीटरच्या आत परत आले. म्हणजे त्यांना आपलं रान माहीत असतं. कुठे बीळ, कुठे साळिंदराचं घर, कुठे ऊन मिळतं, कुठे पाण्यावर जनावर येतं, हे सगळं. रिकाम्या पोटी, थकलेला अजगर डिसेंबरच्या थंडीत अनोळखी जंगलात टाकला, तर त्याला रात्री शिरायला बीळ कुठून मिळणार? आपल्याकडे डिसेंबरात रात्रीचा पारा 14 अंशांच्या आसपास उतरतो. अजगराच्या अंगची ऊब बाहेरूनच येते. थंडीत पचन रेंगाळतं आणि फारच गारठा पडला तर पोटातलं सडून तो आपणहूनही ओकतो. म्हणून भरल्या पोटाचा अजगर सकाळी उन्हात पसरलेला दिसला तर तो आजारी नाही, पचनासाठी ऊन घेतोय.

तुम्ही किती दिवस विचारलंत. उबेच्या दिवसांत आठवडा-दहा दिवस, थंडीत त्याहून बरेच. शेळी केवढी होती यावरही आहे. पण तेवढे सगळे दिवस तो उघड्यावर पडून राहील असं नाही. माणसांचा वावर थांबला की बहुतेक वेळा रात्रीतून सरपटत जवळच्या बिळात किंवा ओढ्याकाठच्या जाळीत जातो.

मुकादमाला असं सांगा: अजगराच्या दोन्ही बाजूंच्या आठ-दहा सऱ्या उभ्या ठेवा आणि तोड फडाच्या दुसऱ्या टोकाकडून घ्या. उभा ऊस चार दिवसांनी तुटला म्हणून वजन घटत नाही, घटतं ते तोडून पडलेल्याचं. ओढ्याची किंवा बांधाची बाजू मोकळी ठेवा, तिकडे कुणी उभं राहायचं नाही. कुत्री बांधा. एक समंजस माणूस वीस-पंचवीस फुटांवर बसवा, बाकी सगळ्यांना घालवा. आणि तो गेल्याची खात्री होईपर्यंत पाचट पेटवू नका. जड पोटाच्या अजगराला आगीपुढे पळता येत नाही, तो तिथंच भाजतो. माझं विचाराल तर पाचट पेटवूच नये, पण तो वेगळा विषय आहे.

अंगावर येईल का? तुमच्या मागे धावणार नाही. हाताच्या अंतरात गेलात तर चावेल. विष नाही, पण दात मागे वळलेले, म्हणून हात ओढायचा नाही. डोकं किंचित पुढे ढकलून दात सोडवायचे. वेटोळे पडले असतील तर शेपटीकडून उलगडत यायचं. जखम साबण-पाण्याने खूप वेळ धुवून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. माणूस गिळल्याच्या खऱ्या घटना इंडोनेशियातल्या आहेत, 2017 साली सुलावेसीतली एक सगळ्यांनी पाहिली असेल. तो जाळीदार अजगर, आपल्या शिवारातला नाही. तरी तान्ही मुलं बांधावर झोपवू नका, अजगर असो नसो.

आता एक गोष्ट जी खरं तर आधी लिहायला हवी होती. तो अजगरच आहे ना? पोट फुगलेला दहा फुटी असेल तर शंका नाही. पण तीन-चार फुटांचा असेल तर आपल्या भागात घोणस आणि अजगराचं पिल्लू यांत लोक रोज गल्लत करतात. घोणशीच्या पाठीवर साखळीसारखे सारखे, रेखीव ठिपके असतात; अजगराचे चट्टे वेडेवाकडे, एकासारखा दुसरा नाही, आणि डोक्यावर भाल्याच्या टोकासारखी खूण. शंका असली तर घोणसच समजा आणि चावल्यास थेट मोठ्या दवाखान्यात जा.

आणि गावकरी ऐकतच नसतील, मारायलाच निघाले असतील, तर मात्र हलवावं लागेल हे मलाही मान्य आहे. गोठ्यात, विहिरीत किंवा रस्त्यावर असेल तरीही. पण ते वनखात्याला बोलावून. फोन लागत नसेल तर 112 लावा. अजगर 1972 च्या वन्यजीव कायद्यात अनुसूची 1 मध्ये आहे, मारला तर किमान तीन वर्षं कैद आहे, हे मुकादमाला स्पष्ट सांगा. हलवताना पोतं नको, भोकं पाडलेली मोठी लाकडी पेटी हवी. तीन माणसं हवीत: एकाने डोक्यामागे, एकाने पोटाखाली, एकाने शेपटीकडे आधार द्यायचा आणि पोट लोंबू द्यायचं नाही. डोक्यावर ओलं गोणपाट टाकलं की बहुतेक शांत होतो. आणि सोडायचं त्याच ओढ्याच्या काठी, किलोमीटरभराच्या आत, दुपारच्या उन्हात.