कान तयार होतो म्हणजे डोक्यात काय होतं?

पत्र: मी नौपाड्यात राहते. मुलगी अकरावी सायन्सला आहे, गाण्याच्या मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा झाल्यात. नीटचा क्लास लावलाय, पण तिचं लक्ष उडालंय. गेल्या महिन्यात तानपुरा लावताना तिला कुणी न वाजवलेला गंधार ऐकू आला. शेजारी बसलेल्या मैत्रिणीला तो ऐकू येईना. गुरुजी म्हणाले, "कान तयार झाला की येतो." तेव्हापासून डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठात संगीत आणि मेंदूवर संशोधन करणारं केंद्र आहे, तिथंच जाणार म्हणते, आणि त्यासाठी सायन्स सोडून संगीतात बी.ए. करायचं म्हणते. तिचे बाबा म्हणतात, गाणं छंद म्हणून ठीक. संगीतानं बुद्धी वाढते म्हणून लहानपणी आम्हीच क्लास लावला होता. आता काय करावं? – एक आई, ठाणे

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. करिअरच्या पत्रांत गंधार सहसा येत नाही. येतात ते पर्सेंटाइल.

आधी त्या गंधाराचं, म्हणजे 'ग' या सुराचं बघू, कारण सगळं तिथूनच सुरू झालंय. समजा तिची पट्टी, म्हणजे तिचा सा, पेटीवरची पांढरी सहा आहे. मग तानपुऱ्याच्या मधल्या जोडीच्या तारा सेकंदाला 220 कंपनं करतात आणि खर्जाची तार 110. पण तार एवढ्या एकाच सुरात थांबत नाही. दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे वरचे सूरही त्याच तारेतून निघतात, आणि खर्जाच्या 110 ची पाचपट म्हणजे 550, तोच तुमच्या लेकीचा गंधार. पेटीवरचा त्या सप्तकातला गंधार 554 च्या जवळ असतो, म्हणजे तानपुऱ्यातला किंचित उतरलेला. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी नीट काढली की हे वरचे सूर खुलतात. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये तानपुरा आणि वीणेच्या या करामतीवर शोधनिबंध लिहिला होता. तेव्हा लेकीला भास झालेला नाही, हे तिच्या बाबांना जरूर सांगा.

पण भौतिकशास्त्र इथंच थांबतं. तो सूर मैत्रिणीच्या कानावरही पडत होताच, मग तिला का ऐकू आला नाही? "कान तयार होतो" असं गुरुजी म्हणतात, तेव्हा नेमकं काय तयार होतं? तिला आर्हुसला जायचंय ते या प्रश्नासाठी, आणि प्रश्न अस्सल आहे. खूळ म्हणून त्याला झटकू नका.

ते केंद्र खरंच आहे. 2015 मध्ये आर्हुस विद्यापीठ आणि तिथल्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकनं मिळून ते सुरू केलं. प्रमुख पीटर वूस्ट हे मेंदूविज्ञानाचे प्राध्यापक, आणि जॅझमध्ये बास वाजवतात. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये असंच एक केंद्र 2005 पासून आहे. पण एक गोष्ट लेकीला समजावून सांगा. आर्हुसच्या केंद्राला पैसा दिला तो डेन्मार्कच्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठाननं, आणि त्यांचं अनुदान जास्तीत जास्त दहा वर्षांचं असतं. तिला पीएच.डी.पर्यंत पोचायला अजून सात-आठ वर्षं लागतील. तोवर पाटी बदललेली असेल, माणसं दुसऱ्या विद्यापीठात गेलेली असतील. म्हणून केंद्राचं नाव भिंतीवर लावण्यापेक्षा तिथली माणसं काय मोजतात, कसं मोजतात, हे ती आतापासून वाचत गेली तर उपयोग होईल.

मोजणं हा शब्द मी मुद्दाम वापरला. संगीतानं बुद्धी वाढते म्हणून क्लास लावला, असं तुम्ही लिहिलंत, तसा तो अर्ध्या ठाण्यानं लावलाय. ही समजूत पसरायला मोठा हातभार लागला तो 1993 च्या एका प्रयोगाचा. कॉलेजच्या 36 विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला, तर आकृत्यांच्या एका चाचणीत त्यांचे गुण थोडे वाढले. परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. त्यात तान्हं बाळ एकही नव्हतं. तरी 1998 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनी प्रत्येक नवजात बाळाला सीडी वाटायचा प्रस्ताव मांडला! (आपल्याकडच्या गर्भसंस्काराच्या सीडींबद्दल मी काही बोलत नाही.) असे दावे तपासून त्यातलं खरं किती, फुगवलेलं किती हे वेगळं काढणं, हे या क्षेत्रातल्या माणसाचं रोजचं काम.

आणि ते काम तसं रटाळ असतं. समोरच्या माणसाला मेंदूच्या लहरी टिपणारी इलेक्ट्रोडची टोपी घालायची, प्रत्येक इलेक्ट्रोडखाली जेल भरायचं, मग एकच सूर शेकडो वेळा ऐकवायचा, कारण एका वेळच्या ऐकण्यातून मेंदूची खूण गोंगाटात सापडत नाही. तो पापणी मिटतो, की मेंदूच्या लहरीपेक्षा मोठी लाट पडद्यावर उमटते. एमआरआयमध्ये तर यंत्रच इतकं खडखडतं की सूर ऐकवायला मधल्या शांत फटी शोधाव्या लागतात. मग कित्येक आठवडे संगणकावर आकडेमोड. गाणं त्यात फार थोडं.

म्हणून सायन्स सोडू देऊ नका. संगीतातली बी.ए. चांगलीच, पण या कामाला लागणारं गणित, संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंग तिथं मिळत नाही आणि मागून भरून काढणं जड जातं. गाणं तिला गुरुजींकडे मिळतंच आहे, ते विशारदपर्यंत चालू ठेवा. नीटचं मात्र मी वेगळं सांगेन. डॉक्टर व्हायचं नसेल तर तो क्लास बंद करा. गणित सोडलं असेल आणि कॉलेज देत असेल तर परत घ्या. बायोलॉजी राहू द्या.

पुढचे रस्ते मला दोन दिसतात. एक म्हणजे आयसर किंवा बंगळुरूची आयआयएससी या विज्ञानसंस्था, किंवा साधी चांगली बी.एस्सी., आणि मग कॉग्निटिव्ह सायन्समध्ये, म्हणजे मन आणि मेंदू कसे चालतात याच्या शास्त्रात, मास्टर्स. ते गांधीनगरच्या आयआयटीत आहे, अलाहाबाद विद्यापीठात आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात रागांनी उठणाऱ्या भावनांवर काम झालंय. आलापाला आणि तालात बांधलेल्या 'गत' या रचनेला ऐकणाऱ्यांनी वेगवेगळा प्रतिसाद दिला, असं त्यात दिसलं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या संस्थेत संगीत आणि मेंदूवर स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. आणि कांजूरमार्गला उतरून पवईला गेलात तर आयआयटीच्या विद्युत अभियांत्रिकी विभागात हिंदुस्थानी गायकीचं संगणकावर विश्लेषण वर्षानुवर्षं चाललंय. एवढं घराजवळ असताना डेन्मार्क आठवावं, याचं मला जरा हसू आलं.

दुसरा रस्ता कुणी फारसा सुचवत नाही, मला तो जास्त आवडतो. वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत बी.ए.एस.एल.पी. हा वाचा आणि श्रवणाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. ऑडिओलॉजिस्ट म्हणून पोटापाण्याची सोय होते, म्हणजे बाबांचा प्रश्न तिथंच मिटतो. शिवाय कानाचं यंत्र आतून कळतं. आपल्या आतल्या कानात ऐकणाऱ्या मुख्य पेशी साडेतीन हजारांच्या आसपास. कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये, म्हणजे ऐकू न येणाऱ्यांच्या आतल्या कानात बसवतात त्या यंत्रात, त्यांच्या जागी काम करतात 12 ते 22 इलेक्ट्रोड. एवढ्यावर माणूस बोलणं समजू शकतो, पण चाल ओळखताना अडतो. तुमच्या लेकीला तिथं आयुष्यभराचं काम मिळू शकेल.

पैशांचं थोडक्यात: डेन्मार्कमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला मास्टर्सला भरपूर फी असते, पीएच.डी. मात्र पगारी नोकरी असते. म्हणून मास्टर्स इथं करावं आणि पीएच.डी.ला बाहेर पडावं. मास्टर्सच्या कर्जासाठी घर गहाण ठेवायला निघालेले पालक माझ्याकडे आले होते, त्यांनाही मी हेच सांगितलं.

आत्ता, या सुट्टीत, तिला एक काम द्या. फोनवर तानपुरा दोनदा रेकॉर्ड करायचा, एकदा दोरा लावून, एकदा काढून. प्राट नावाचं आवाजाचं विश्लेषण करणारं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात दोन्ही उघडायचे आणि 550 पाशी काय फरक दिसतो तो बघायचा. मग क्लासातल्या दहा जणांना, कोणतं कुठलं ते न सांगता, दोन्ही ऐकवायचं. गंधार कुणाला आला, कुणाला नाही, आणि तो किती वर्षं शिकतोय, हे वहीत लिहायचं. दहा जणांवरून काही सिद्ध होत नाही. पण वही भरताना तिला कंटाळा आला, तर तेही आपल्याला आत्ताच कळलेलं बरं.

वही घेऊन दोघी या, बाबांनाही आणा. अकरावं नाव माझं घाला. बारा वर्षं गाणं ऐकतेय, मला तो गंधार अजून सापडलेला नाही.