धाता संवत्सरातला जन्म

प्रश्न : पणजोबांच्या जन्मपत्रिकेवर ‘शके 1798, धातानाम संवत्सर, माघ मास’ अशी नोंद आहे. शके 1840 च्या आश्विनात ते वारले. घरात त्यांना ‘दुकाळ्या’ म्हणत. त्या वेळी आमच्या करमाळा भागात पाऊसपाणी कसे होते आणि जगात काय घडत होते?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : शकात सरसकट 78 मिळवून आपण जन्मसाल 1876 धरले असेल, तर ते आधी दुरुस्त करावे. जानेवारी उजाडल्यापासून फाल्गुन संपेपर्यंत 79 मिळवावे लागतात. म्हणून माघातला जन्म 1877 चा आणि आश्विनातले निधन 1918 चे.

‘दुकाळ्या’ हे नाव उगाच पडलेले नाही. 1876 साली सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस बुडाला, आणि करमाळ्यासारख्या रब्बी ज्वारीवर जगणाऱ्या मुलखात तो पाऊस गेला म्हणजे वर्षच गेले. 1 जानेवारी 1877 रोजी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करणारा दरबार भरला. त्याच सुमारास सरकारने दुष्काळी भागांसाठी नेमलेले प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार दुष्काळी कामावरच्या पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड, म्हणजे सुमारे 450 ग्रॅम, धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली गेली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाची ही मजुरी! त्याच वर्षी जोतीराव फुले यांनी धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम काढला. हे संकट आपल्यापुरते नव्हते : 1877-78 मध्ये प्रशांत महासागरात तीव्र एल निनो, म्हणजे समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याची स्थिती, होता आणि उत्तर चीन व ईशान्य ब्राझीलही त्या काळात दुष्काळाने होरपळले.

1918 सालीही मोसमी पाऊस दगावला होता. महायुद्ध संपायला काही आठवडे होते, आणि गावोगाव ‘मानमोडी’, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ पसरली होती. तरीही केवळ महिना जुळतो म्हणून पणजोबा त्याच साथीत गेले असे लिहू नये. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गावाचे कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही (गाव नमुना 14), मिळते का ते पाहावे. नोंदी बहुधा मोडी लिपीत असतील, तेव्हा वाचणारा जाणकार सोबत न्यावा. कारण म्हणून नुसते ‘ताप’ लिहिलेले आढळले, तर मागची-पुढची पानेही उलटून पाहावीत. एरवी एक पान भरायला किती दिवस लागत आणि त्या आश्विनात किती लागले, हे ताडून पाहिल्यावरच अंदाज बांधता येईल.