शेवंतीला पानंच पानं, फुलं नाहीत. कोणतं खत घालू?

खत घालू नका. घालत असाल तर बंद करा. नेरूळला बाल्कनी आहे आणि समोरच सोसायटीचा दिवा आहे, असं तुम्हीच प्रश्नात लिहिलंय. गोम तिथेच आहे, पण सगळ्यांना आधी डीएपी खतच आठवतं.

शेवंती रात्र बघून फुलते. जूनअखेर आपल्याकडे दिवस सव्वातेरा तासांचा, तेव्हा ती नुसती वाढते. सप्टेंबरनंतर रात्र लांबली की कळी धरते. रात्रभर पांढरा एलईडी अंगावर असेल, तर तिच्या लेखी अजून जूनच चालू आहे. पॉलिहाउसवाले मुद्दाम रात्री दिवे लावून रोप वाढवतात आणि फुलं हवी तेव्हा दिवे बंद करतात.

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत पार्किंगला फ्लडलाइट बसला तेव्हा मी हेच सांगितलं होतं. सेक्रेटरी चारचौघांत म्हणाले, "वहिनी, झाडाला काय कळतंय रात्र न् दिवस? पाणी कमी पडत असेल." सगळे हसले. मी एकाच झाडाच्या काश्या (बुंध्याशी फुटणारे कोंब) लावल्या, अर्ध्या पुढच्या बाल्कनीत, अर्ध्या मागे ड्राय बाल्कनीत. माती तीच, शेणखत तेच. मागच्या कुंड्या पिवळ्याधमक झाल्या. पुढे हातभर हिरव्या काड्या! त्यातल्या एका कुंडीत फक्त खांबाच्या सावलीतल्या फांदीला फुलं, बाकी झाड कोरं. मार्गशीर्षात सेक्रेटरींच्या घरी हळदीकुंकवाला गेले तेव्हा त्यांच्या मिसेसनी माझ्या गजऱ्याकडे बघून विचारलं, "जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलात?" म्हटलं, नाही, ड्राय बाल्कनीतून. सेक्रेटरी पेपर वाचत होते, मान वर केली नाही.

तर कुंडी अंधारात हलवा. नाहीच जमलं तर संध्याकाळी सहा ते सकाळी सात जाड काळं कापड घाला, रोज, कळ्या रंग दाखवेपर्यंत. ओढणी-बिढणी चालत नाही. शेंडे ऑगस्टच्या मध्यापर्यंतच खुडायचे, नंतर हात लावायचा नाही. पावसाळ्यात कुंडीखाली ताटली ठेवत असाल तर काढा, मुळं कुजतात. माव्याला निंबोळी तेल.

हां, आणि दिवसा पाच-सहा तास ऊन मिळत नसेल तर यातलं काही उपयोगाचं नाही. नर्सरीतून फुललेली कुंडी आणली असेल तर यंदाच्या फुलांचं श्रेय नर्सरीचं, खरी परीक्षा पुढच्या वर्षी.

कमिटीकडे जाल तेव्हा दिवा बंद करा म्हणू नका, लगेच सुरक्षेचं कारण पुढे येतं. तोंड खाली वळवा म्हणा. आमच्याकडे वळवायला इलेक्ट्रिशियनला पाच मिनिटं लागली, ठराव व्हायला मात्र पुढची एजीएम उजाडली. आणि मिनिट्समध्ये सेक्रेटरींनी कारण लिहिलंय, 'वीजबचत'.