आजोबांची शिकारी रायफल घरी उघडून नव्यासारखी करता येईल का?

तुम्ही विचारलंय की आजोबांची .४२३ माउझर तुमच्या नावावर झाली आहे, नळीवर गंज आहे, दस्ता काळा पडलाय, तर घरी उघडून ती नव्यासारखी करता येईल का. उघडता येते, साफही होते. नव्यासारखी मात्र करू नका, आणि फिरत्या चाकावर घासून चमक आणणाऱ्या बफिंगवाल्याची पायरी तर चढूच नका.

एवढं ठासून सांगतोय कारण आमच्या घरात हे घडलेलं आहे. नागपूर मध्यप्रांताची राजधानी होती तेव्हा आजोबा वनखात्याचं परमिट काढून शिकारीला जायचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि त्यांची दोन्ही हत्यारं कपाटात गेली. पुढे बारा बोरची दुनळी मोठ्या काकांकडे आली आणि माउझर बाबांकडे. काकांनी दुनळी पितळी भांडी चमकवणाऱ्या एका माणसाकडे दिली. मी विरोध केला तर म्हणाले, "काहून एवढा जीव टाकतं बे? लोखंड आहे, चमकलंच पाहिजे." परत आली तेव्हा खरंच चमकत होती. पण नळीखालच्या सपाट भागावरचे बर्मिंगहॅमचे चाचणीचे शिक्के गुळगुळीत झाले होते, कोरलेल्या वेलबुट्टीच्या कडा बसल्या होत्या आणि नंबराचे शेवटचे आकडे बोटाला लागतसुद्धा नव्हते. लायसन्स नूतनीकरणाच्या तपासणीत नंबर जुळेना. मग काकांचे खेटे सुरू झाले. आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम ८ प्रमाणे नंबर खोडलेलं हत्यार ज्याच्याकडे सापडेल त्यानेच तो खोडला असं धरून चालतात. तसं नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. शिवाय लायसन्स नसलेल्या माणसाच्या हाती बंदूक सोपवणं हाच मुळात गुन्हा आहे, हे काकांनी शेवटपर्यंत मानलं नाही.

माउझर माझ्याकडे आली तेव्हा मी पॉलिश पेपर घरातूनच हद्दपार केला.

आधी पेचकस. बाजारातला साधा पेचकस टोकाकडे निमुळता असतो. तो खाचेत वरवर बसतो, घसरतो आणि स्क्रूचं डोकं फाडतो. टोक दगडावर घासून खाचेच्या तळाशी पूर्ण टेकेल असं करा. खालचे दोन मोठे स्क्रू सुटले की नळी अ‍ॅक्शनसकट, म्हणजे गोळी भरायच्या-झाडायच्या यंत्रणेसकट, लाकडातून वर उचलायची, ओढायची नाही. माझ्या रायफलीत लाकडाच्या आत गेलेल्या भागावर मूळ निळी-काळी झाक जशीच्या तशी होती आणि तिच्या बरोबर शेजारी, जिथे पावसाळ्याचं पाणी झिरपून अडकलं होतं तिथे, तांबूस खरखरीत पट्टा. मुकुटाच्या चिन्हाखाली यू आणि जी ही जर्मन चाचणीची अक्षरं त्या पट्ट्याला खेटूनच होती. बफिंगच्या चाकाला तिथे काय कळणार?

गंजावर पातळ तेल लावून रात्रभर सोडा, मग चार शून्याच्या, म्हणजे सगळ्यात बारीक, स्टील वूलने हलक्या हाताने घासा. राहिलेला गंज खरवडू नका, उकळा. लोखंडी पत्र्याची लांब पन्हळ करून त्यात बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी उकळवायचं आणि नळी त्यात बुडवायची. लाल गंजाचा काळा थर होतो, तो मऊ तारेच्या ब्रशने सारखा करायचा. धातू झिजत नाही, अक्षरं शाबूत राहतात.

दस्ता मनगटाशी, म्हणजे अ‍ॅक्शनमागे जिथे मूठ धरतो त्या बारीक भागाशी, काळा असेल तर ते तेल आहे. वर्षानुवर्षं रायफल दस्त्यावर उभी ठेवली की अ‍ॅक्शनमधलं तेल उतरून अक्रोडाच्या लाकडात मुरतं आणि लाकूड पोचट होतं. खडूची पूड थिनरमध्ये कालवून लेप द्या. नागपूरचा मे महिना या कामासाठी उत्तम, फक्त थेट उन्हात नको, लाकूड तडकतं. सावलीतल्या उष्णतेनेच तेल वर येतं आणि पांढरा लेप तपकिरी होतो. खरवडा, पुन्हा द्या. लेप पांढरा राहू लागला की जवसाचं तेल, तळहाताने, अगदी पातळ. आपल्या विदर्भात जवस पिकतं आणि लोक प्लास्टिकसारखं चकाकणारं लॅकर फासतात, हे मला बघवत नाही.

माझा चुलतभाऊ अजून म्हणतो की माझी रायफल जुनाट दिसते. ती जुनीच आहे. आजोबांच्या गालाने गुळगुळीत झालेली जागा मी पॉलिशने का घालवू?

चाप, त्याची यंत्रणा आणि फायरिंग पिनची स्प्रिंग यांना हात लावू नका. ते लायसन्सधारक बंदूक कारागिराचं काम आहे आणि त्याने तपासल्याशिवाय एकही गोळी झाडू नका. आजोबांची जुनी काडतुसं तर मुळीच नको. त्या काळच्या काडतुसांच्या ठिणगी पाडणाऱ्या बऱ्याच टोप्यांमधल्या (प्रायमरमधल्या) क्षाराने नळी आतून खाल्ली जायची, म्हणून ती आतून गरम पाण्याने धुवून कोरडी करा. २०१९ पासून वारसाची धरूनही एकाकडे दोनच हत्यारं चालतात, तेही बघून घ्या. आणि चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका. चामडं ओल धरतं. नळी खाली, दस्ता वर, अशी कुलूपबंद कपाटात ठेवा.