ख्रिस्ती लोक धनापेक्षा आत्मिक अन्नाला मोठं का मानतात? मग पैसा कमावणं पाप आहे का?

तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर छोटं आहे, म्हणून ते आधी: नाही, पाप नाही. येशूला ज्या कबरेत ठेवलं ती अरिमथाईच्या योसेफाची होती आणि तो श्रीमंत होता. येशू आणि त्याचे बारा शिष्य गावोगाव फिरत तेव्हा काही स्त्रिया आपल्या पैशातून त्यांची सोय करत, असं बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, ८व्या अध्यायात सरळ लिहिलंय. सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती प्रचारक पौल याने आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पत्रातही बोट पैशाच्या लोभाकडे आहे: पैशाचा लोभ सगळ्या वाईटाचं मूळ आहे. लोक ते वाक्य निम्मंच सांगतात आणि लोभ हा शब्द गाळतात.

पहिल्या भागासाठी मान्नापासून सुरुवात करावी लागेल. मिसरच्या गुलामीतून सुटलेले इस्राएली लोक रानात उपाशी होते, तेव्हा देवाने त्यांना मान्ना, म्हणजे आकाशातून येणारं अन्न, दिला. अट एकच: रोज सकाळी त्या दिवसापुरता गोळा करायचा. उद्याची सोय म्हणून काहींनी ठेवून पाहिला, तर त्यात किडे पडले आणि घाण सुटली. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा होती आणि तेवढा मात्र टिकायचा. म्हणजे टिकणं न टिकणं मान्नाच्या हातात नव्हतंच. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात हे सगळं आहे. पुढे त्यांचा पुढारी मोशे लोकांना या उपासमारीचा अर्थ सांगतो: माणूस केवळ भाकरीने जगत नाही, देवाच्या मुखातून निघणाऱ्या प्रत्येक वचनाने जगतो, हे तुम्हाला कळावं म्हणून हे झालं.

४० दिवसांच्या उपासानंतर सैतान येशूला म्हणतो, या धोंड्यांच्या भाकरी कर. तेव्हा येशू हेच वाक्य उच्चारतो. पोटात अन्नाचा कण नसलेला माणूस हे बोलतोय, म्हणून त्याला वजन आहे. भरल्या पोटी हे वाक्य दुसऱ्याला ऐकवणाऱ्यांची मला भीती वाटते. बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोबाने अशांना चांगलंच सुनावलंय: उघड्या, उपाशी भावाला नुसतं ‘सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो’ म्हणालात आणि दिलं काहीच नाही, तर काय उपयोग? येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत तर रोजची भाकर मागितलेलीच आहे. फक्त ती आजची मागायची असते. वर्षभराची मागा असं तिथे नाही.

आता धन कुठे आड येतं ते सांगतो. माझ्या मते लूकच्या १२व्या अध्यायातला दाखला, म्हणजे बोधकथा, याचं सगळ्यात नेमकं उत्तर देतो. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा. येशू त्या वाटणीत पडत नाही. तो एका धनवानाची गोष्ट सांगतो. त्याच्या शेतात भरघोस पीक येतं. चोरी नाही, लबाडी नाही, जमीनच चांगली पिकली. धान्य ठेवायला जागा नाही, म्हणून तो जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवतो. इथपर्यंत कुणीही शहाणा माणूस हेच करील. पण मग तो आपल्या जिवाला म्हणतो, तुझ्यासाठी पुष्कळ वर्षांचा माल साठवलाय, आराम कर, खा, पी, मजा कर. त्याच रात्री त्याचं मरण ठरलेलं असतं. या गोष्टीकडे लोक मरणाची धमकी म्हणून पाहतात. मला त्यातली खरी चूक आधीच झालेली दिसते: जिवाच्या भुकेला तो धान्य दाखवतोय. शिवाय सगळा संवाद स्वतःशीच चाललाय; माझं पीक, माझी कोठारं, माझा जीव. त्या धान्यात वाटा असू शकेल असा दुसरा माणूस त्याच्या बोलण्यात येतच नाही.

म्हणून विश्वास ठेवलात की पैसा येईल असं सांगणारे प्रचारक मला खटकतात. ते त्या धनवानाची कोठारंच देवाच्या नावाने विकतात.

मग आत्मिक अन्न म्हणजे प्रत्यक्षात काय? वचन वाचणं, प्रार्थना, चर्चच्या मंडळीबरोबरची उपासना, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी). यातलं काहीच साठवून ठेवता येत नाही, हा माझाही अनुभव आहे. मागच्या वर्षीच्या प्रार्थनेवर या आठवड्याची चिडचिड शमत नाही. आणि देणं! देणं मी मुद्दाम याच यादीत घालतो. जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं ठरवलं, ते येशू त्याच्या घरी आल्यावर. त्याच्या घरी येण्यासाठी येशूने अशी कुठलीच अट घातली नव्हती. आत भूक भागली की हात आपोआप सैल होतो, असं मला तिथे दिसतं.

स्वतः वाचायचं असेल तर निर्गम १६, मग लूक १२ आणि शेवटी योहान ६ वाचा. योहानाच्या शुभवर्तमानात ५,००० पुरुषांना जेवू घातल्यावर दुसऱ्या दिवशी लोक येशूला शोधत सरोवरापलीकडे येतात आणि तो त्यांना तोंडावर सांगतो की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधताय. मग म्हणतो, जीवनाची भाकर मीच आहे. तिथे थांबू नका, अध्याय संपेपर्यंत वाचा. त्याच्या शिष्यांपैकीच बरेच जण हे ऐकून त्याला सोडून जातात आणि येशू त्यांना थांबवायला आणखी भाकरी काढत नाही.