कबड्डी प्रश्नोत्तरे: धरलेली पकड सुटते का?

प्रश्न: आमच्या मंडळाचा कुमार मुलांचा संघ चढायांत गुण आणतो, पण पकडीत मार खातो. डावा कॉर्नर (डाव्या टोकाचा बचावपटू) घोटा धरतो, तरी चढाईपटू त्याला फरफटत नेऊन मध्यरेषेला हात लावतो. मुलांची ताकद कमी पडते का? – एक प्रशिक्षक, घणसोली

उत्तर: ताकदीचा विचार नंतर करा. आधी दुसरा खेळाडू कुठून येतो ते पाहा. बोनस रेषा, म्हणजे जिच्यापलीकडे पाय टेकून चढाईपटू जादा गुण घेतो ती, मध्यरेषेपासून ४.७५ मीटरवर असते. हात पुढे टाकून झेपावणारा चढाईपटू त्यातले दोन मीटर नुसत्या अंगाने भरून काढतो. उरतात पावणेतीन मीटर. घोटा धरणारा एकटा असेल तर दोन हिसक्यांत तेही संपतात.

अशा वेळी बहुतेक कव्हर (कॉर्नरच्या आतल्या बाजूचा बचावपटू) धावत येऊन चढाईपटूच्या पाठीवर पडतो. चूक नेमकी इथे आहे. मागून आलेले वजन चढाईपटूला पुढेच ढकलते. आपलाच खेळाडू त्याला रेषेकडे नेतो. कव्हरने चढाईपटूच्या अंगावर जायचे नाही, त्याच्या परतीच्या वाटेवर जायचे. चढाईपटू आणि मध्यरेषा यांच्या मधली, त्याच्यापासून हातभर पुढची जागा गाठायची, तिथून वळून खांदा त्याच्या कमरेला लावायचा आणि दोन्ही हातांनी कंबर किंवा मांडी आवळायची. पहिल्याने थांबवायचे, दुसऱ्याने वाट बंद करायची आणि तिसऱ्याने हात दाबायचे, ही कामे आधीच वाटून द्या. सातही जण एकाच बाजूने तुटून पडले तर गर्दी होते, पकड होत नाही.

सरावाला पूर्ण मैदान लागत नाही. पावसाळ्यात मातीचे मैदान बंद असेल तर शाळेच्या सभागृहात साडेसहा बाय पाच मीटरची जागा पुरते. एक मीटर चौरसाचे मॅटचे साधारण ३३ तुकडे त्यात बसतात. सांधे घट्ट बसवा, सैल सांध्यात पायाचे बोट अडकून मुरगळते. एक चढाईपटू, एक कॉर्नर, एक कव्हर एवढेच घ्या. पहिल्या दहा चढायांत कोणी कोणाला धरायचे नाही. चढाईपटू कॉर्नरकडे वळला की कव्हरने अर्धे पाऊल मध्यरेषेकडे सरकायचे आणि तो परत पाहू लागला की मागे यायचे. मुलांना हे कंटाळवाणे वाटते, तरी वगळू नका. मोकळ्या पावलांची ही सवय नसेल तर पुढचे सगळे शिकवणे वाया जाते. नंतरच्या दहा चढाया अर्ध्या वेगाने घ्या, कोणता पाय टाकायचा ते चढाईपटूला आधी सांगून. शेवटच्या दहा पूर्ण वेगाने, काहीही न सांगता. आठवड्यातून तीन दिवस असे केले तरी कव्हरची दिशा सुधारलेली दिसेल.

घोट्याची पकडही तपासा. एक हात टाचेच्या मागे, दुसरा पावलाच्या वरच्या बाजूला हवा. धरल्यावर पाय स्वतःच्या छातीकडे ओढून वर उचलायचा. जमिनीलगत दाबून धरलेला पाय निसटतो, कारण चढाईपटूला त्यावर वजन टाकता येते. डोके नेहमी त्याच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला ठेवा. समोर ठेवले तर गुडघा थेट कपाळावर किंवा नाकावर बसतो.

प्रश्न: आमचा उजवा कॉर्नर चपळ आहे, पण दर सामन्यात तीन-चार वेळा घाईने झेप घेऊन बाद होतो. – एक वाचक, कळवा

उत्तर: झेप घेण्याचा क्षण ठरवून द्या, घाई आपोआप कमी होते. चढाईपटूचे दोन्ही पाय जमिनीवर असतील तेव्हा झेप घ्यायची नाही. तो कधीही मागे उडी मारू शकतो. बोनस घेताना एक पाय रेषेपलीकडे टेकलेला आणि मागचा पाय हवेत असावा लागतो. त्या क्षणी सगळे वजन एका पायावर असते आणि त्याला उडी मारता येत नाही. तोच पाय धरायचा. दुसरी वेळ म्हणजे तो हात लावायला वाकून परत फिरतो तेव्हा.

मैदानावर सहा किंवा सात बचावपटू असतानाच बोनस मिळतो. पाच उरले की बोनसचे आमिष राहत नाही, तरीही पुष्कळ कॉर्नर आधीच्याच जागी उभे राहून चढाईपटूला जवळ येऊ देतात. तेव्हा एक पाऊल मागे घ्या, पण अंतिम रेषेचे भान ठेवा. बोनस रेषेमागे फक्त १.७५ मीटर जागा असते. मागे सरकताना टाच बाहेर गेली की स्वतःहून बाद.

वहीत नुसते गुण लिहू नका. प्रत्येक पकडीपुढे पहिली झेप कोणाची, चढाईपटूचे पाय कुठे होते, दुसरा खेळाडू आला की नाही, या तीन नोंदी ठेवा. दोन-तीन सामन्यांत त्या कॉर्नरचा दोष आहे की त्याला एकटे सोडणाऱ्या कव्हरचा, ते कळते. अनेकदा तो कव्हरचा निघतो.

प्रश्न: शेवटचे तीन खेळाडू उरले की सुपर टॅकलच्या मोहात लोण बसतो, म्हणजे सगळा संघ बाद होतो. उभे कसे राहावे? – एक खेळाडू, दिवा

उत्तर: तीन किंवा त्याहून कमी खेळाडूंनी केलेल्या पकडीला दोन गुण मिळतात, म्हणूनच एकटा कॉर्नर उतावीळ होतो. चढाईपटूला मध्यरेषा आणि बोनस रेषा यांच्यामधली निदानरेषा ओलांडावीच लागते, तेव्हा त्याला आत येऊ द्या. भरवशाचा कॉर्नर आणि कव्हर एका बाजूला जोडीने ठेवा. पहिली झेप त्यांच्याकडूनच. दुसऱ्या बाजूच्या एकट्याने हात लागू न देणे आणि पकड झाल्यावर वाट अडवणे एवढेच करायचे. चढाईला ३० सेकंद असतात. वीस सेकंद झाल्यावर प्रशिक्षकाने बाहेरून ओरडून सांगावे, कारण चढाईपटूच्या चुका तेव्हाच वाढतात.

प्रश्न: मुलींसाठी हेच अंतर चालेल का? साखळीत (बचावपटू हात धरून उभ्या राहतात तेव्हा) बोटे सारखी दुखावतात. – एक पालक, ऐरोली

उत्तर: महिलांचे मैदान १२ बाय ८ मीटर असते. निदानरेषा मध्यरेषेपासून ३ मीटरवर, बोनस रेषा ४ मीटरवर. परतीची वाट आखूड, म्हणून कव्हरला पोहोचायला वेळही कमी मिळतो. ती अर्धे पाऊल पुढे उभी हवी. साखळीत बोटांत बोटे गुंतवू देऊ नका. तळव्याला तळवा लावून धरले की झटका बसल्यावर हात सुटतो, बोट मोडत नाही. तोंड दाबणे, गळा आवळणे, पायांची कैची घालणे हे नियमबाह्य आहे, आणि अशी पकड झाली तर चढाईपटू नाबाद ठरते. सरावातही पंचासारखी शिटी वाजवून ती पकड लगेच सोडायला लावा.